भूगोल शिकताना बाहेर काम केलं होतं का कुणी? अनुभव लिहा

जांभाचिरा:
काल रात्री भाच्याचा फोन आला. बहीण-भावजी इंग्लंडात स्विंडनला असतात, तो तिथे भूगोलाची पदवी करतोय. दुसरं वर्ष संपलं आणि आता अख्खं वर्ष कॉलेज नाही! पूरनियोजनाचं काम करणाऱ्या एका कंपनीत लागलाय, पगारी. वर्ष झालं की परत कॉलेज, मग शेवटचं वर्ष, अशी एकूण चार वर्षांची पदवी. त्या बाहेरच्या वर्षाची फी तिथल्या मुलांना नेहमीच्या जास्तीत जास्त २० टक्के. आधी डझनावारी अर्ज केले म्हणे, बहुतेकांनी उत्तरही दिलं नाही.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पण बीए झाल्यावर सरांनी मला आणि एका मित्राला गोव्यातल्या दिवाडी बेटावर खाजन जमिनीच्या (नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या) मोजणीला धाडलं होतं. एक डंपी लेव्हल (उंचसखल मोजायची दुर्बीण), एक स्टाफ (खुणांची उभी पट्टी) आणि बांधावरून चालत राहायचं. खाजन भरतीच्या पातळीपेक्षा खाली, हे पुस्तकात वाचलेलं. बांधावर उभं राहून एका बाजूला नदी वर आणि दुसऱ्या बाजूला भात खाली बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवायच्या झडपेची, दारं भरती चढली की पाण्याच्या दाबानं आपोआप बंद होतात, ओहोटीला आपोआप उघडतात. वीज नाही, मोटर नाही. आमच्याकडे मुरगावचं भरतीचं कोष्टक होतं. मानस सांभाळणारे म्हातारे काका ते बघून हसले. "हें मुरगावचें. हांगा उदक मागीर येता," म्हणाले. आणि खरंच मागाहून आलं. तिथी सांगितली की ते पाण्याची वेळ सांगायचे. मित्र पुढे बँकेत गेला, मी शाळेत.

तर लिहा. इंटर्नशिप, अप्रेंटिस, सुट्टीतलं फुकट राबणं, सगळं चालेल.

फेरीबोट:
दिवाडी म्हटल्यावर हात शिवशिवले. माझं माहेर. त्या मानशीचं नुस्तें (मासे हो) खाल्लंत की नाही ते सांगा, लेव्हल राहू दे बाजूला.

जांभाचिरा:
खाल्लं ना. रोज. म्हणून तर मोजणी लांबली.

शेपफाइल:
चहा होईपर्यंत लिहिते. एमए करताना एका खासगी ऑफिसात होते, नाव नको. काम काय, तर जुन्या टोपोशीटवरून (सरकारी तपशीलवार नकाशांवरून) नाले, विहिरी, देवळं डिजिटाइझ करायची. माझ्या आधीच्या कुणीतरी निम्मा तालुका करून ठेवलेला. मी वरून उपग्रहाचं चित्र टाकलं तर एका गावाची तळी नदीच्या मध्यभागी! पुढचं गाव बघितलं, तिथंही सगळं सरकलेलं. साहेब म्हणाले विद्यार्थ्यांचा हात हलला असेल. हात हलला तर एक विहीर हलेल, अख्खा तालुका एकाच दिशेला कसा हलेल? शेवटी कळलं की जुनी टोपोशीट एव्हरेस्टच्या गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित, शिखर नव्हे) बेतलेली, आणि जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ या नव्या गणितावर. रूपांतर न करता एकावर एक ठेवलं की आपल्या भागात शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो. हे वर्गात शिकवलेलं होतं बरं का, पाच मार्कांना. पाठही केलेलं. पण पाच मार्कांचं उत्तर आणि नदीत बुडालेली तळी एकच आहे हे डोक्यात यायला ते ऑफिस लागलं. बाकी पगार शून्य, बसभाडंसुद्धा नाही. दूध उतू गेलं जाते

सड्यावरचा:
तुम्हाला टोपोशीट बघायला तरी मिळाली. आमच्या काळी किनारपट्टीची टोपोशीट म्हणजे प्रतिबंधित. आणि गोव्यात किनारपट्टी नाही ते काय? प्रॅक्टिकलला आम्हाला विदर्भाचं शीट. खिडकीतून समुद्राचा वारा आणि आम्ही कापसाच्या मुलखातले कंटूर (समान उंचीच्या रेषा) मोजतोय. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्रानं नकाशांचे नियम सैल केले तेव्हा मी निवृत्त झालेलो. 🙂

सासष्टीची आई:
सगळ्यांना नमस्कार. माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, भूगोलच. नव्या धोरणामुळे इंटर्नशिप करायचीच आहे म्हणते. आमच्या सासूबाई विचारतात, भूगोल घेऊन काय पोस्टमन होणार? मला उत्तर देता येत नाही. कुठे अर्ज करायचा कुणी सांगेल का? मडगावहून रोज जाऊन येता येईल असं हवं.

फेरीबोट:
पोस्टमन झाली तर पेन्शन तरी... गंमत हं ताई.

फॉर्मएकचौदा:
ताई, घाबरू नका, मी सांगते काय काम पडतं ते. मी पंचायतीच्या एका प्रकल्पावर होते, घरोघरी जाऊन वाड्यांचा नकाशा करायचा, विहीर कुठे, कचरा कुठे, पाणी कुठे साचतं. हातात पॅड आणि जीपीएस घेतलेली मुलगी दारात दिसली की पहिला प्रश्न, "रिजनल प्लॅनवाली काय गो?" (सरकारचा जमीनवापराचा आराखडा तो.) दुसरा प्रश्न, जमीन कुणाच्या नावावर करताय. एका घरात आजोबांनी आतून एक आणि चौदाचा उतारा आणून माझ्या नाकासमोर धरला, बघ, नाव आमचंच आहे. (महाराष्ट्रातल्यांसाठी: आमचा सातबारा तो हाच.) आता मला काय करायचंय त्यांच्या नावाचं, मी विहीर मोजायला आलेले. पण तो उतारा पूर्ण वाचला, कूळ कोण, वहिवाट कुणाची, सगळं विचारलं, तेव्हा कुठे खुर्ची मिळाली. मग काकीनं सोलकढी दिली आणि म्हणाली, आता विहीर बघ. त्या वाड्याला मला नंतर कुणी अडवलं नाही. दुसऱ्या वाड्याला कुत्र्यांनी अडवलं, तो भाग वेगळा.

सोबत न्यायचं: छत्री, टोपी, कॉलेजच्या विभागप्रमुखांचं सही-शिक्क्याचं पत्र. पत्राशिवाय तलाठीसुद्धा बसायला सांगत नाही.

जांभाचिरा:
सासष्टीच्या ताई, रोज जाऊन-येऊन म्हणाल तर भूमापन खातं, नगरनियोजन, वनखातं, पालिका, सगळीकडे नकाशाचं काम निघतं. समुद्राची आवड असेल तर दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था (१९६६ पासूनची), पण तिथे शास्त्र शाखेची मुलंही रांगेत असतात, लवकर लिहायला लावा. मुलीला म्हणावं क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर शिकून घे. फुकट आहे, घरच्या कॉम्प्युटरवर चालतं. ते येत असेल तर झेरॉक्सला पाठवत नाहीत. आणि सासूबाईंना सांगा, त्यांच्या घराचा नकाशासुद्धा कुणीतरी भूगोलवाल्यानंच तपासलेला असणार.

वाळपई४१५:
झेरॉक्स म्हटल्यावर जखमेवर मीठ. मी एका ऑफिसात फक्त झेरॉक्स आणि पर्जन्यमापक. पर्जन्यमापक मात्र आवडला. सकाळी साडेआठला वाचायचा, देशभर तीच वेळ. साडेआठ म्हणजे साडेआठ, नऊला वाचून साडेआठ लिहायचं नाही. जुलैत वाळपईला रेनकोट घालून मी डब्यातलं पाणी मोजपात्रात ओततोय आणि वरून आणखी पडतंय, कोण कुणाला मोजतंय कळेना. पणजीतली आत्या फोनवर सांगायची आमच्याकडे केवढा पाऊस. मनात म्हणायचो, आत्ये, तुझा पाऊस आम्ही नाश्त्याला खातो. ढग घाटाला टेकून वर चढले की आमच्यावर रिकामे होतात, सह्याद्रीच्या पायथ्याशी घर असण्याचे हे फायदे. कपडे ऑगस्टमध्येही वाळत नाहीत.

फेरीबोट:
आमच्याकडेही नाहीत वाळत, पायथा नसताना.

डंपकडा:
मी खाणीवर होतो. लिहू की नको विचार करत होतो.
पदवीनंतर एका खाण कंपनीत सर्व्हेच्या विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून लागलो. डिचोली पट्ट्यात. टोटल स्टेशन (अंतर-कोन मोजायचं यंत्र) खांद्यावर, खाणीच्या पायऱ्यापायऱ्यांवर त्याचा प्रिझम धरायचा, महिन्याला किती माती काढली, किती खनिज, डंप (टाकाऊ मातीचा ढीग) किती वाढला याचं घनफळ काढायचं. मला काम फार आवडायचं. पावसात डंपचा उतार कुठे घसरेल ते आदल्या वर्षीच्या वाचनांवरून कळायचं, आणि खाली शेतं होती, त्यामुळे ते कळणं गरजेचं होतं. गाळ शेतात उतरलेला मी बघितलाय. खाण चांगली की वाईट ते मला इथे लिहायचं नाही, त्यावर आमच्याच घरात दोन तट आहेत.
सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं काम थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. एका आठवड्यात रस्ता शांत. ट्रक ओळीनं उभे. मांडवीत खनिज नेणाऱ्या बार्जेस नांगरून. गाड्यावर भाजी-पाव विकणारी बाई होती, तिनं उधारीची वही मिटली आणि म्हणाली, राहू दे पोरा. आमच्या साहेबांनी प्रशिक्षणाचा दाखला घरी बसून लिहून दिला, शिक्का ऑफिसात कुलूपबंद म्हणून बिनशिक्क्याचा. पुढे जिथे जिथे मुलाखतीला गेलो तिथे शिक्का कुठाय हाच प्रश्न.
आता हायवेच्या मोजणीवर असतो. तेच यंत्र, तोच प्रिझम.

शेपफाइल:
🙏 बाबांचा ट्रक होता. २०१८ ला परत बंद झालं तेव्हा विकला.

डंपकडा:
कुठला रूट होता? आमच्याकडे यायचे का

शेपफाइल:
सांगे बाजूचा. तुमच्याकडे नसेल.

स्विंडनहून:
रात्रपाळीवरून आलोय, डोळे मिटतायत तरी लिहितो. जांभाचिरा, तुमच्या भाच्याला सांगा थर्मल घे, आणि गमबूट चांगले. माझ्या मुलीनं हेच वर्ष केलं. तिला वाटलं संगणकावर बसून पुराचं मॉडेल करायचं. इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीनं लायडारचा (विमानातून लेझरनं उंची मोजल्याचा) डेटा २०१५ पासून सगळ्यांना खुला केलाय, जमिनीची उंची बसल्या जागी मिळते. मिळते खरी. पण ओढ्यावरच्या मोरीचं तोंड किती रुंद आहे ते विमानातून दिसत नाही, ते जानेवारीत गुडघाभर पाण्यात उतरून टेपनं मोजायचं. घरी येऊन रडली एकदा. मी म्हटलं बाय, तुझ्या आज्यानं चिंबलच्या शेतात आयुष्य काढलं तसंच हे. म्हणाली पप्पा, तिथे पाणी गरम असतं.
शेवटच्या वर्षाला मात्र तिला प्रबंधाचा विषय शोधावा लागला नाही. त्याच ओढ्यावर लिहिलं, आणि त्याच कंपनीनं परत बोलावलं.

सड्यावरचा:
चिंबलचे कुठले हो तुम्ही? माझी सून चिंबलची.

स्विंडनहून:
तळ्याच्या वरच्या अंगाला. उठल्यावर लिहितो.

सासष्टीची आई:
सगळ्यांचे आभार. मुलीला वाचून दाखवलं. तिला खाणीचं आणि ओढ्याचं आवडलं. ती विचारते, साळावली धरणाच्या बाजूला असं काही काम मिळेल का? तिला कुर्डी गाव बघायचंय, धरणात बुडालेलं, मे महिन्यात पाण्यातून वर येतं ते.

फॉर्मएकचौदा:
कामाचं माहीत नाही, बघायला कधीही जा, म्हणजे मे मध्ये. आमचं मूळ तिथलंच. महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्यानं दगड न् दगड उतरवून धरणाच्या बाजूला परत उभारलंय. गाव उघडं पडलं की आमचे लोक जमतात, पूजा करतात, जेवतात. मुलीला म्हणावं आजीकडून घरांच्या जागा विचारून घे आणि नकाशा काढ. हाच प्रकल्प! जोत्यांवरून आमच्या लोकांना अजून सांगता येतं कुणाचं घर कुठे.

वाळपई४१५:
मलाही यायचंय. पाऊस नसलेल्या महिन्यात कुठेही येतो.

फेरीबोट:
मडगावहून एक गाडी करूया का? मी, ताईंची मुलगी, वाळपईवाले. फॉर्मबाई वाट दाखवतील.

फॉर्मएकचौदा:
दाखवते. पण सकाळी लवकर निघायचं हं, तिथे एक झाड सावलीला नाही. आणि जेवण घरून आणायचं, मागच्या वेळी पाहुणे हात हलवत आले आणि आमची खीर संपली.

सासष्टीची आई:
खीर मी आणते. किती जण ते सांगा.