बोअरचं पाणी आणि लंगोट
लातूरच्या ताई, बाळाला पॉकेट डायपर (आतल्या खिशात शोषणारी घडी सरकवायचे, धुऊन परत वापरायचे कापडी डायपर) घ्यावेत की साधे लंगोट, असं विचारलंत. आपल्याकडं आधी पाणी बघावं लागतं. बोअरचं पाणी जड. साबण नीट निघत नाही, थर साचतो आणि कापड शोषेनासं होतं. पॉकेट डायपरमधल्या मायक्रोफायबरच्या (बारीक कृत्रिम धाग्याच्या) घड्यांना हे फार भोवतं, शिवाय त्या थेट त्वचेला लावायच्याही नसतात. म्हणून घरात जुन्या धोतराचे लंगोट, बाहेर जाताना वरून ओल न झिरपणारं कव्हर. नवी सुती घडी आधी तीन-चारदा धुवा, तरच पुरतं शोषते. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. मे महिन्याच्या उन्हात लंगोट बघता बघता वाळतात. कव्हर मात्र सावलीत टाका. टँकरची वेळ आली (२०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, आठवतंय ना) तर खुशाल बाजारचे वापरून फेकायचे डायपर घ्या, सासूबाई काही म्हणोत.