वार्षिक गोळीबार सराव : पोलिसांना नक्की किती गोळ्या मारायला मिळतात आणि त्याचा पैसा कुठून येतो?

डोंगराकडेचा

आमच्या गावाच्या मागं डोंगराला लागून पोलिसांची फायरिंग रेंज आहे. दरवर्षी पेपरात येतं, अमुक तारखेपासून वार्षिक गोळीबार सराव, गुरं तिकडं सोडू नका, लाकूडफाट्याला जाऊ नका. तर परवा चावडीवर विषय निघाला आणि एक जण म्हणाला की हवालदाराला वर्षातनं एकदाच बंदूक हातात मिळते, तीपण दहा-वीस गोळ्यांपुरती, आणि एखाद्या वर्षी तेवढ्याही नाहीत. खरं आहे का हे? 26/11 ला सीएसटीवर थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या रायफली घेऊन उभे होते बिचारे, त्यानंतर एवढं सगळं झालं, समित्या झाल्या, फोर्स वन ही कमांडो तुकडी आली, मग साध्या पोलिसाचं काय? 2022 ला तो यूपीचा व्हिडिओ आला होता बघा, खलीलाबादच्या ठाण्यात डीआयजी साहेब तपासणीला आले आणि फौजदारानं गोळी नळीच्या तोंडातनं आत सोडली. हसून हसून पोट दुखलं होतं तेव्हा, पण नंतर वाटलं हाच माणूस उद्या नाकाबंदीला असेल. कुणी खात्यातलं असेल तर सांगा, काही स्टँडर्ड असतं का, आणि पैसे कमी पडतात की काय भानगड आहे?

पुल_थ्रू

आयुष्य शस्त्रागारात गेलं, आता रिटायर आहे, म्हणून लिहितो. जिल्ह्याचं नाव विचारू नका.

भरतीनंतर नऊ महिन्यांचं ट्रेनिंग असतं, नानवीज, खंडाळा, तुरची, जालना, जिथं नंबर लागेल तिथं. तिथं पोरांना हत्यार नीट शिकवतात, खोल-जोड, साफसफाई, पोझिशन, फायरिंग सगळं. त्यात काही खोट नाही. घोळ होतो तो पोरगं ठाण्याला आल्यावर. एकदा ठाण्याला आलं की समन्स, बंदोबस्त, गणपती, निवडणूक, व्हीआयपी, रायटरकी (ठाण्यातली लिखापढी), मग हत्यार कशाला हातात येतंय. वार्षिक सरावाचा आदेश येतो, ठाण्याला सांगतात एवढी माणसं पाठवा, आणि ठाणे अंमलदार म्हणतो माणसं कुठायत. मग तीच ती मुख्यालयातली माणसं दरवर्षी फायर करतात आणि ठाण्यातला माणूस राहतो तो राहतोच. वहीत नाव मात्र कुठं ना कुठं बसतं.

रेंजवर काय होतं ते सांगतो. सकाळी लवकर गाड्या निघतात, लाल झेंडे लावायचे, मग एकेक डिटेल (एका वेळी फायर करणारी माणसं) झोपवायचा, ठरलेल्या तेवढ्या गोळ्या मोजून हातात द्यायच्या. माणूस वर्षानं बंदूक धरतोय, पहिली गोळी तर दचकण्यातच जाते, दुसरी तिसरी कुठं जाते देवाला माहीत, जरा खांदा बसतोय तोवर गोळ्या संपल्या, उठा, पुढचा डिटेल. त्यानंतर खरं काम सुरू होतं ते पुंगळ्या गोळा करायचं. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढ्या रिकाम्या पुंगळ्या परत जमा झाल्या पाहिजेत, एक कमी पडली तर अख्खी पार्टी गवतात वाकून शोधत बसते, दुपार होईपर्यंत. मी स्वतः आरपीआय (राखीव पोलीस निरीक्षक) साहेबांना मोबाईलची बॅटरी लावून बिळात बघताना पाहिलंय. टारगेटला किती लागल्या हे कुणी विचारत नाही, पुंगळ्या पूर्ण आहेत का हे सगळे विचारतात!

आणि स्टँडर्डचं म्हणाल तर गुण आहेत, वर्ग आहेत, कागदावर सगळं आहे. पण नापास झालेल्या माणसाचं हत्यार काढून घेतलं असं माझ्या नोकरीत एकदाही झालं नाही. नापास झाला तरी संध्याकाळी तोच कार्बाइन घेऊन बँकेच्या गार्डला. मग कशाचं स्टँडर्ड? परीक्षा असती तर नापासाचं काहीतरी झालं असतं.

मार्चएंड

पुल_थ्रू यांनी हत्याराची बाजू सांगितली, मी पैशाची सांगतो, मंत्रालयात नाही पण बीम्सवर (सरकारी बजेटची ऑनलाइन प्रणाली) डोळे फुटेस्तोवर काम केलंय.

पोलिसांचा खर्च येतो मुख्य लेखाशीर्ष (बजेटमधला खर्चाचा खाना) 2055 खाली. त्यात बहुतांश रक्कम पगारातच जाते, हे काही गुपित नाही, माणसांचं खातं आहे. प्रशिक्षणाचं वेगळं गौणशीर्ष आहे, त्याचा वाटा देशभरात पोलीस बजेटच्या एक-सव्वा टक्क्याच्या आसपास फिरतो. त्यातही ट्रेनिंग स्कूलमधल्या लोकांचे पगार, वीजबिल, मेस सगळं आलं. 2019 च्या स्टेटस ऑफ पोलिसिंग अहवालात होतं की 2012 ते 2016 या काळात वर्षाला सरासरी सहा-साडेसहा टक्के पोलिसांनाच सेवेत असताना कसलं तरी ट्रेनिंग मिळालं. कसलं तरी, म्हणजे फायरिंगच असं नाही, कॉम्प्युटरचं पण आलं त्यात.

पण पैसे नाहीत म्हणून होत नाही हे अर्धंच खरंय. आधुनिकीकरणाची केंद्राची योजना 1969-70 पासून चालू आहे, केंद्र आणि राज्य मिळून पैसे घालायचे. 2015-16 ला सगळ्या राज्यांना मिळून 9,203 कोटी उपलब्ध होते आणि खर्च किती झाला, 1,330 कोटी, म्हणजे 14 टक्के. पैसा उशिरा येतो, टेंडर अडकतं, मार्चमध्ये घाई होते आणि मार्चच्या घाईत काय पटकन विकत घेता येतं? गाड्या, कॅमेरे, कॉम्प्युटर. त्याचं उद्घाटन करता येतं, हार घालता येतो, फोटो येतो. गोळीचं उद्घाटन कोण करणार, आज घेतली उद्या उडवली, परत पुढच्या वर्षी मागायची. रायफल एकदा घेतली की झाली पण गोळ्यांचा खर्च दरवर्षीचा, आणि कात्री लावायची वेळ आली की दरवर्षीच्या खर्चालाच आधी लागते.

बाकी गंमत म्हणजे गोळ्या कुठं लांबून आणायच्यात असंही नाही. वरणगाव आणि खडकी, दोन्ही कारखाने आपल्याच राज्यात, 2021 पासून म्युनिशन्स इंडियाखाली, तिचं मुख्यालय पण पुण्यात.

सरळमार्गी

मला एक कळत नाही, प्रत्येक पोलिसाला नेमबाज करायचंच कशाला? 95 टक्के लोक अख्ख्या नोकरीत एक गोळी झाडत नाहीत (हा माझा अंदाज). त्यांना बोलायला शिकवा, पंचनामा नीट लिहायला शिकवा, लोक दुवा देतील. इंग्लंडमध्ये बहुतेक पोलिसांकडं बंदूकच नसते, इंग्लंड-वेल्स मिळून दीड लाखाच्या जवळपास पोलीस आणि त्यातले सहा हजारांच्या आसपासच हत्यारी, पण ते जे आहेत ते घासून तयार केलेले. आपल्याकडं पण नक्षलवाद्यांविरुद्धची सी-60 आहे, फोर्स वन आहे, क्यूआरटी (तातडीनं धावणारी तुकडी) आहे. त्यांच्यावर खर्च करा, बाकीच्यांची काठी बरी.

पुल_थ्रू

सरळमार्गी, तुमचं म्हणणं मला पन्नास टक्के पटतं. कमी लोकांना हत्यार द्या पण ज्यांना द्याल त्यांना भरपूर मारू द्या, हे मी साहेब लोकांना सांगून थकलो. पण आपल्याकडं तसं नाहीये ना, हत्यार रोज कुणाच्या तरी हातात जातंच. कैदी पार्टीला जातं, गार्डला जातं, नाकाबंदीला जातं, आणि ड्यूटी फिरती. म्हणजे हत्यारी सगळेच आणि तयार कुणीच नाही. शिवाय फोर्स वन गोरेगाववरनं निघून पोचेपर्यंत पहिली दहा-वीस मिनिटं कुणाची? जवळच्या ठाण्याच्या माणसाची. 26/11 ला सीएसटीवर एका आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) हवालदारानं थ्री-नॉट-थ्रीनं गोळ्या झाडल्या आणि शेवटी खुर्ची फेकून मारली, गिरगाव चौपाटीवर कसाबला धरणाऱ्या ओंबळेसाहेबांच्या हातात काठी होती. त्यानंतर हल्ल्याच्या चौकशीला नेमलेल्या राम प्रधान समितीनं गोळ्यांचा तुटवडा आणि त्यापायी न झालेला सराव यावर बोट ठेवलं होतं, सगळ्यांनी वाचलं, मान हलवली.

आणि गोळी न झाडणाऱ्यालाच सराव जास्त लागतो. हत्यार जमा करताना चेंबर न बघता घोडा ओढला की छतात भोक, नशीब असेल तर छतातच. शस्त्रागाराच्या दारात वाळूचा डबा का ठेवतात ते त्याच्यासाठीच.

बिहारचं आठवतंय का, 2019 ला माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रांच्या अंत्यसंस्काराला सलामी द्यायला 22 रायफली उचलल्या आणि एकही वाजली नाही. सराव होत राहिला तर जुनी गोळी त्यात उडून जाते, नवी आत येते, खराब लॉट रेंजवरच कळतो. नाहीतर असा चारचौघांत कळतो.

डोंगराकडेचा

एवढं सविस्तर लिहिलंत, आभार दोघांचे. मग आमच्यासारख्यानं काय करायचं, माहिती अधिकारात विचारलं तर देतील का? की सुरक्षेचं कारण सांगून उडवून लावतील?

मार्चएंड

साठा किती, हत्यारं किती असं विचारलंत तर कलम 8 (कुठली माहिती नाकारता येते ते सांगणारं) दाखवून परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. तुम्ही एवढंच विचारा की मागच्या तीन वर्षांत जिल्ह्यात मंजूर पोलीस किती, त्यातल्या किती जणांनी वार्षिक सराव केला, नापास किती, आणि नापासांचा परत सराव घेतला का. यात गुप्त काही नाही. टाळाटाळ केली तर अपिलात जा. आणि आमदार ओळखीचा असेल तर अधिवेशनाआधी गाठा, गृहखात्याच्या मागण्या चर्चेला येतात तेव्हा कपात सूचना (मागणीतली रक्कम कमी करा म्हणत चर्चा घडवायची सूचना) देता येते, त्यात सराव दारूगोळ्याची तरतूद किती आणि खर्च किती एवढं एक वाक्य घालायला सांगा. मार्चच्या आधी गाठा म्हणजे झालं, नंतर सगळे मोकळे.