बाबांची अ‍ॅक्टिव्हा विकायचीय, जाहिरात नीट कशी लिहू?

लालबागची_पोर
नमस्कार मंडळी. बाबांची अ‍ॅक्टिव्हा ५जी आहे, नोव्हेंबर २०१८ ची, २३ हजार किमी झालेत. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता गाडी चालवायची नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. ऑनलाइन टाकून १२ दिवस झाले, "अ‍ॅक्टिव्हा विकणे आहे, कंडिशन एकदम मस्त, फक्त सिरियस लोकांनीच फोन करावा" असं लिहिलं आणि दोन फोटो. मेसेज ढीगभर येतात पण "लास्ट प्राइस?" विचारून सगळे गायब, आणि जो एक जण बघायला आला त्याने खाली वाकून फ्लोअरबोर्डखालचा गंज बघितला, हे आधी सांगायचं ना बोलला आणि निघून गेला. बाबा दर रविवारी चाळीखाली ती पुसत बसायचे हो, त्यामुळे पडेल त्या भावात द्यायला जीव होत नाही. काय लिहू?

गॅरेजवाला_दादर
ताई, "कंडिशन मस्त" सगळेच लिहितात, त्यातून समोरच्याला काही कळत नाही. महिना-वर्ष, किमी, पहिला मालक की दुसरा, पासिंग कुठलं, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत, शेवटची सर्व्हिसिंग कधी, टायर बॅटरी आणि बेल्ट कधी बदलले, हे लिहा. बिलं असतील तर शोधून ठेवा.
आता गंजाचं. मुंबईची खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यात या गाडीची बॉडी पत्र्याची, सायलेन्सरला आणि स्टँडच्या जॉइंटला गंज धरतोच, घेणाऱ्यालाही ते माहितीये. त्याला राग गंजाचा नाही आला, आयत्या वेळी दिसला त्याचा आला. जवळून फोटो काढा, पॉलिश पेपरने जरासं घासून मग काढा म्हणजे वरवरचा आहे की पत्रा खाल्लाय ते फोटोतच दिसेल. आणि लालबाग म्हटलं की लोकांना हिंदमाताला तुंबणारं पावसाचं पाणी आठवणार, पाण्यात उभी होती का हा प्रश्न शंभर टक्के येणार. नव्हती तर तसं लिहा, होती तर नंतर काय काम केलं ते लिहा.
एक व्हिडिओ पण टाका, सकाळी पहिल्यांदा चालू करतानाचा. आधी सायलेन्सरला हात लावून थंड आहे हे दाखवायचं, म्हणजे आधीच गरम करून ठेवलेली नाही हे कळतं, आणि मग सेल्फ मारायचा. मी स्वतः गाडी घेताना हेच बघतो.

डोंबिवली_फास्ट
मी मागच्या वर्षीच सेकंड हँड घेतली, माझी बाजू सांगतो. डोंबिवलीहून परळला गाडी बघायला यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, मग अर्धवट जाहिरातीसाठी कोण येणार, म्हणून माणूस आधी लास्ट प्राइस विचारून घेतो. किंमत लिहा आणि ती का ते पण लिहा. मी ज्याला फोन केला त्याने मागच्या मडगार्डवरचा डेंट बोट ठेवून दाखवला होता, तेव्हाच वाटलं हा माणूस फसवणार नाही. जवळचं स्टेशन आणि कुठल्या वेळेत बघायला मिळेल तेही टाका.

कागदपत्रंवाले_काका
पोरी, आरसीचा फोटो जाहिरातीत टाकू नकोस, समोर आल्यावर दाखव. कुणी "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन कर" म्हणाला की तिथेच थांब, पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. टेस्ट राइडच्या आधी त्याचं लायसन्स बघ आणि शक्यतो मागे कुणी घरचं बसव.
व्यवहार झाला की नाव ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० भरून सह्या, आणि गाडी विकल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. घेणारा "नावावर करून घेतो" म्हणतो आणि विकणारी माणसं विसरून जातात. नंतर अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरतात, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय. "नाव ट्रान्सफर लगेच करणाऱ्यालाच" असं जाहिरातीतच लिही.

लालबागची_पोर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे टाकलं:
"अ‍ॅक्टिव्हा ५जी, नोव्हेंबर २०१८, एमएच-०१, पहिला मालक (वडील), २३ हजार किमी. मागचा टायर आणि बॅटरी मागच्या वर्षी नवीन. फ्लोअरबोर्डखाली आणि सायलेन्सरवर वरवरचा गंज, फोटो ४ आणि ५ बघा. डाव्या बाजूला एक ओरखडा. पाण्यात कधीच उभी नव्हती, पावसाळ्यात चाळीच्या ओट्यावर चढवायचो. विकायचं कारण, वडिलांना आता चालवता येत नाही. ४५ हजार, गाडी बघून थोडंफार बोलू. चिंचपोकळी स्टेशनपासून चालत, संध्याकाळी ७ नंतर किंवा रविवारी. नाव ट्रान्सफर लगेच करणाऱ्यालाच."
सकाळपासून तीनच मेसेज आलेत पण भांडुपच्या एकांनी बेल्ट कधी बदलला ते विचारलं, रविवारी येतायत. बाबा कपाट उघडून सर्व्हिसिंगची बिलं तारखेप्रमाणे लावत बसलेत.