सगळ्यात कंटाळवाणं शहर कुठलं? माझ्या यादीत बेळगावपण आहे

तिसरं_रेल्वे_गेट:
परदेशवारी करून आलेल्यांना 'कुठं पैसे वाया गेले?' म्हणून विचारलं की ब्रुसेल्स, झुरिक, कॅनबेरा ही नावं हमखास निघतात. देशातलं विचारलं तर गांधीनगर, नाहीतर नवी मुंबई. मी माझं म्हणणं मांडतो आणि शिव्या खायला बसतो.

जे शहर राहणाऱ्यांसाठी वसवलंय ते बघणाऱ्याला कंटाळवाणंच वाटणार. गांधीनगर घ्या. उभ्या रस्त्यांना क, ख, ग, घ अशी अक्षरं आणि आडव्यांना आकडे. रिक्षावाल्याला 'घ-४' म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. झाडं भरपूर, रस्ते रुंद, आणि दुपारी तीनला तुम्ही त्या रुंद रस्त्यावर एकटेच. कॅनबेराचं तेच. सिडनी मोठं का मेलबर्न मोठं यावर भांडण मिटेना, म्हणून १९०८ साली राजधानीला तिसरीच जागा निवडली. तडजोडीतून झालेल्या गावात रंग कुठनं येणार? ब्राझिलिया १९६० ला राजधानी झाली, विमानातनं बघायला छान, पायी फिरायला नको.

आता राग मानू नका. आपलं बेळगाव याच जातीचं आहे. छावणी, बाजारपेठ, उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि पेन्शनर. हवा चांगली, वळीव वेळेवर पडतो, पोरांना कॉलेजं आहेत. हे राहायला छान आहे, बघायला काय आहे? गोव्याला निघालेला माणूस इथं कुंदा घ्यायला गाडी थांबवतो आणि चोर्ला घाटाला लागतो. थांबू दे तेवढाच. उगीच 'पर्यटन नगरी' म्हणून कमानी उभारण्यात पैसा घालण्यापेक्षा बेळगाव कंटाळवाणं राहिलेलं मला चालेल.

खानापूरकर:
काय बोलूलालैस काय गा! किल्ल्यात शेवटचा कधी गेलतास ते सांग आधी. शाळेच्या सहलीत गेलेला असशील, त्यानंतर नाहीस. इथलं निम्मं गाव तसंच आहे.

तिसरं_रेल्वे_गेट:
पाव्हणे आले की जातो की. कमल बस्ती हे जैन देऊळ, साफा मशीद, रामकृष्ण आश्रम, संपलं. तासाभरात माणसं 'आता कुठं?' म्हणून तोंडाकडं बघतात.

खानापूरकर:
तासाभरात संपतं कारण तू दारात उभा राहून 'हे बघा, ते बघा' करतोस. कमल बस्ती १२०४ सालची, रट्टांच्या राज्यातली. आत गेलास की दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू देत. मग मान वर कर. छताला दगडाचं कमळ उलटं लोंबतंय, पाकळ्या सुट्या सुट्या, त्यांच्यावर तीर्थंकर कोरलेले. खालचे खांब काळे कुळकुळीत, चरकावर फिरवल्यासारखे गोल, आणि इतके गुळगुळीत की त्यात आपली सावली हलताना दिसते. आठशे वर्षांपूर्वीचं काम आहे हे. लोक दारातनं फोटो काढतात आणि फोटोत कमळ काळं येतं म्हणून पुसून टाकतात. कंटाळवाणं कोण, बस्ती का बघणारा?

आणि आमच्याकडं हलशीला जा. कदंबांची गादी होती तिथं. भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एका देवाकडं तोंड केलं की दुसऱ्याकडं पाठ. असं देऊळ रोज बघायला मिळतंय काय?

शहापूर_पेठ:
ब्रुसेल्सबद्दल मला बोलायचंय, कारण आम्ही ग्रुप टूरनं गेलो होतो. पॅरिस आणि ॲम्स्टरडॅमच्या मध्ये अर्धा दिवस ब्रुसेल्स. बस अ‍ॅटोमियम नावाच्या मोठमोठ्या गोळ्यांच्या इमारतीसमोर थांबली, सगळ्यांनी फोटो काढले. मग त्या सू करणाऱ्या पोराचा पुतळा. गर्दीत टाचा उंचावून बघितलं तर दोन फुटाचंसुद्धा नाही ते! आमच्यातले एक काका म्हणाले, 'एवढ्यासाठी व्हिसा काढला?' तिथनं चॉकलेटच्या दुकानात, तिथनं बसमध्ये. परत आल्यावर सगळे सांगतात, ब्रुसेल्स बोअर.

पण मधला मोठा चौक, ग्राँ प्लास, त्याच्याकडं कुणी नीट बघितलंच नाही. १६९५ मध्ये फ्रेंचांनी तोफा डागून तो भाग जाळला आणि गावातल्या व्यापारी संघांनी थोड्या वर्षांत आपापली घरं पुन्हा उभी केली, एकापेक्षा एक नटवून. आमच्या शहापूर-वडगावात माग चालवणारी घरं आहेत, मला तर ते बघून आमच्या गल्ल्याच आठवल्या. टूरवाल्यांनी चौकात वीस मिनिटं दिली, त्यातली निम्मी स्वच्छतागृह शोधण्यात गेली. शहराला कशाला नावं ठेवायची?

तिसरं_रेल्वे_गेट:
वहिनी, पटलं. ब्रुसेल्स यादीतनं काढतो. कॅनबेरा मात्र राहणार.

कॅम्पातला_रिटायर:
राहू नये. मुलाकडे गेलो होतो तेव्हा सिडनीपेक्षा कॅनबेरातच माझे दिवस बरे गेले. कारण सांगतो. तिथं युद्धस्मारक आहे. लांबच लांब भिंतींवर ब्राँझच्या पाट्या, त्यावर लाखाच्या वर सैनिकांची नावं. नुसती नावं, हुद्दा नाही. नातेवाईक येऊन नावाच्या फटीत लाल कागदी पॉपीची फुलं खोचतात. काही नावांजवळ फुलांचा झुबका, काही नावांजवळ एकही नाही. रोज संध्याकाळी स्मारक बंद करायच्या आधी त्यातल्या एका सैनिकाची हकिगत वाचतात आणि बिगुल वाजतो. रोज एकच माणूस. शंभर-दीडशे लोक गप्प उभे असतात.

आता आपल्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे. इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या आपल्या रेजिमेंटच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, १९४४ आणि १९४५ ला. बेळगावातल्या किती पोरांना ही नावं माहीत आहेत? तेव्हा तडजोडीतून झालेल्या गावात रंग नसतो हे तुमचं वाक्य मला मान्य नाही.

उद्यमबाग_शिफ्ट२:
मी धागाकर्त्याच्या बाजूनं. सगळे भावनेवर बोलताय. पाव्हणा पैसे खर्च करून येतो, त्याला रात्री काय करायचं ते सांगा. जेवण झाल्यावर बेळगावात काय आहे? आइस्क्रीम खा आणि झोप.
आणि सगळ्यात कंटाळवाणं शहर दुबई. मॉल बघायला विमानात बसायचं? एका मॉलमधनं दुसऱ्या मॉलमध्ये, मध्ये वाळू.

आरपीडी_कॉर्नर:
दुबईत निदान मॉल तरी आहेत दादा 😄 मी इथं शिकतो, मूळचा चंदगडचा. खरं सांगू, बाहेरच्या मित्रांना बेळगाव दाखवायचं म्हटलं की मला पण सुचत नाही. काँग्रेस विहीर दाखवली तर मित्र म्हणाला, 'विहीर आहे की.' १९२४ च्या अधिवेशनाला पाणी पुरवायला खोदली, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते याच अधिवेशनात, हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'हो, पण आता विहीरच आहे ना.' काय बोलणार?

खानापूरकर:
मित्र बदल.

निपाणीकर:
गोकाकचा कुणी विषय काढेना म्हणून मीच काढतो. घटप्रभा ५२ मीटरवरनं कोसळते, वर झुलता पूल. १८८७ पासून तिथं पाण्यावर वीज करत होते. हे असलं जिल्ह्यात असताना कंटाळवाणं म्हणायला जीभ कशी रेटते?

उद्यमबाग_शिफ्ट२:
मे महिन्यात जा निपाणीकर. वर हिडकलचं धरण आहे, उन्हाळ्यात पाणी अडवलेलं असतं. नुसता काळा कडा बघून लोक करदंटाची मिठाई घेऊन परत येतात. आणि सुट्ट्या मे महिन्यातच असतात.

तिसरं_रेल्वे_गेट:
शिवाय विषय शहराचा आहे. जिल्हा धरायचा तर सौंदत्तीची यल्लम्मा आहे, कित्तूर आहे, संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं ते नंदगड आहे. मग गांधीनगरवाला पण उठून म्हणेल, आमच्या शेजारी अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, पाच मजले खोल, १४९९ ची. हे म्हणजे शेजारच्या ताटातली पुरणपोळी आपल्या ताटात मोजायची.

निपाणीकर:
मग पुण्याच्या लोकांनी सिंहगड मोजू नये.

शहापूर_पेठ:
रात्री काय करायचं असं विचारणाऱ्या भाऊंना सांगते. रात्रीचं तेवढं सोडा, दिवसा कधी मांडे करताना बघितलेत का? गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत ताणतात, पलीकडचं दिसेल इतका पातळ. मग उपड्या खापरावर टाकतात, पिठीसाखर भुरभुरतात आणि वाळायच्या आत घडी घालतात. क्षणभर उशीर झाला की चुरा. लग्नसराईत आमच्या ओळखीच्या मावशी हे भराभर करत असतात आणि वऱ्हाडातली मुंबईची माणसं जेवण सोडून बघत उभी राहतात. हे पाव्हण्याला दाखवायची सोय कुठंय? दुकानात खोक्यात बंद मांडे मिळतात. सोय केली तर लोक थांबतील.

तिसरं_रेल्वे_गेट:
वहिनी, सोय करायची म्हणजे परत कोण करायची? सरकार? विधिमंडळासाठी सुवर्णसौध बांधून ठेवलंय २०१२ पासून, मोठं अधिवेशन वर्षातनं एकदा हिवाळ्यात. त्या दिवसांत लॉजला जागा नसते, पोलीस रस्ते अडवतात आणि गावकरी वैतागतात. पर्यटन वाढलं की तेच बारा महिने. चन्नम्मा सर्कलला आताच दहा मिनिटं थांबावं लागतं. नुसते मनातले मांडे आहेत हे.

खानापूरकर:
तू टिळकवाडीत पेन्शनीत बसून बोलूलालैस. आमच्याकडची पोरं गोव्यात हॉटेलात भांडी घासायला जातात, काहीजण तिथंच ड्रायव्हर झालेत. जांबोटीच्या रस्त्याला चार पाव्हणे थांबले तर ती पोरं घरात राहतील. गाडी अडकली तर तुझी दहा मिनिटं जातील, जाऊ देत.

तिसरं_रेल्वे_गेट:
पेन्शन नाही रे, अजून नोकरी आहे. पण पोरांचं म्हणालास ते वजनदार आहे. तरी माझा प्रश्न तोच, लोक जांबोटीला थांबतील, जंगल बघतील, बेळगाव शहरात काय करतील?

कॅम्पातला_रिटायर:
साहेब, प्रत्येक शहरानं काही करून दाखवलंच पाहिजे असं नाही. चंदीगडलाही लोक नाकं मुरडायचे, नुसते सेक्टर म्हणून. तिथल्या एका रस्ते-निरीक्षकानं, नेकचंदनं, फुटक्या बांगड्या, बशा, मोडकी बेसिनं गोळा करून लपूनछपून बाग केली. १९७६ ला ती उघडली. आता चंदीगडला गेलेला माणूस आधी रॉक गार्डन विचारतो. शहर आखणाऱ्या ले कॉर्बुझिएच्या इमारती नंतर.

उद्यमबाग_शिफ्ट२:
आमच्या फाउंड्रीच्या मागं भंगार भरपूर आहे काका, येणार काय?

आरपीडी_कॉर्नर:
मी येतो. रविवारी सुट्टी आहे.

निपाणीकर:
ते राहू दे. कंटाळवाण्या शहरांत हुबळी कुणी घेतलं नाही अजून. दीड किलोमीटरचा प्लॅटफॉर्म आहे म्हणून सांगतात, चालून बघा एकदा सामान घेऊन.

शहापूर_पेठ:
हुबळी माझं माहेर आहे. सांभाळून बोला.