गाडीच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसच्या एका कपातून ग्रीस बाहेर येत नाही, मदत हवी आहे

मंडळी, माझी जुनी मागच्या चाकांवर चालणारी पिकअप आहे. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून 'टक्' असा आवाज येतो. काल हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून खाली शिरलो. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) क्रॉसचं (त्याच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, चार टोकांना चार कप) निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, पुसून लिथियम ग्रीस मारलं. तीन कपांतून जुनं काळं ग्रीस बाहेर आलं, चौथा कोरडाच! शाफ्ट हाताने हलवून पुन्हा मारलं, तरी तेच. (शर्ट मात्र गेला.)

कप थोडा सैल करून ग्रीस जातं का? की कपातल्या बेअरिंगच्या सुया झिजल्या समजून क्रॉसच बदलू? घरी सर्कलिप (कप जागेवर धरणारी कडी) काढून व्हाइसमध्ये कप दाबलेत का कुणी?