राग आवरत नाही, संसार तुटायच्या आत मदत हवी आहे

पाऊलवाट
लग्नाला ९ वर्षं झाली. हात कधी उचललेला नाही, पण परवा मोबाईल भिंतीवर फेकला. कारण काय, तर चार्जर जागेवर नव्हता. बायको ओरडली नाही, रडलीही नाही. मुलाला उचललं, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. तो कडीचा आवाज डोक्यातून जात नाही. दर वेळी माफी मागतो, ती "ठीक आहे" म्हणते, आठ दिवसांनी पुन्हा तेच.

सायकॉलॉजिस्टकडे जावं की सायकायट्रिस्टकडे? आठवड्यातून एकच तास मिळतो, तोही रात्री ९ नंतर, म्हणजे ऑनलाइनच. शक्यतो गोळ्या नकोत.

निवांत
विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर करा. मी दोनदा केलंय. सुरुवातीचे दिवस नुसता श्वास बघायचा, पूर्ण मौन. माझ्यातला फरक ऑफिसातल्या लोकांनीसुद्धा बोलून दाखवला.

दौडवेडा
राग आला की बूट घालायचे आणि ६ किमी पळून यायचं. नाहीतर पंचिंग बॅग आणा. सगळा राग घामावाटे निघून जातो.

चौकस
@दौडवेडा, पंचिंग बॅगचं अजिबात पटत नाही. रागावर संशोधन करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, ज्याच्यावर राग आहे त्याला आठवत बॅगवर ठोसे मारणारी माणसं सगळ्यात जास्त चिडलेली निघाली. नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. २०२४ मध्ये बुशमन आणि सोफी कियर्विक यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यातही शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनीच राग उतरतो असं दिसलं. पळण्याने नाही.

दौडवेडा
अभ्यास काहीही म्हणोत. माझं वजन ११ किलो उतरलं आणि बीपीची गोळी बंद झाली.

चौकस
त्यांनी बीपीचं विचारलेलंच नाही.

मोठीताई
आधी रक्त तपासून घ्या, टीएसएच, म्हणजे थायरॉईडची तपासणी. माझा भाऊ असाच भडकायचा, हात थरथरायचे, झोप उडाली होती. थायरॉईड वाढलेलं निघालं. झोप किती होते आणि दारू घेता का, तेही डॉक्टरांना खरं सांगा. आणि काही झालं तरी घर सोडून राहायला जाऊ नका. एकदा बाहेर पडलेलं पाऊल परत येताना जड होतं.

तडजोड
आमच्या समुपदेशकांनी पहिल्याच तासाला बायकोची बाजू घेतली. तीन भेटींत सोडलं. पैसे गेले आणि भांडणाला नवा विषय मिळाला. घर सोडू नका, याच्याशी सहमत.

आतलीखोली
मी त्या कडीच्या आतल्या बाजूला होते, म्हणून लिहिते. "हात उचललेला नाही" हे माझा नवराही सांगायचा. वस्तू फुटते तेव्हा आतल्या माणसाला वाटतं, पुढची पाळी आपली. जोडीने समुपदेशनाला लगेच जाऊ नका. मी तिथे खरं बोलले आणि घरी आल्यावर त्याबद्दल ऐकून घेतलं. आधी एकट्याने जा. आणि "तुला माझी भीती वाटते का" असं तिला विचारू नका. ती नाही म्हणेल.

निवांत
शिबिराने हे सगळं मुळापासून जातं. थायरॉईडही तपासा.

सावकाश
मी दीड वर्ष सायकॉलॉजिस्टकडे सीबीटी केली, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची बोलण्यातून होणारी उपचारपद्धत. राग चढायच्या आधी मनात कोणतं वाक्य येतं, ते पकडायला शिकवतात. माझं वाक्य होतं, "हिला माझी किंमतच नाही." चार्जरच्या मागे तुमचं कोणतं वाक्य आहे, ते शोधा.

तोवर एक करा. नवरा-बायकोच्या नात्यावर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या सांगण्याप्रमाणे नाडीचे ठोके १०० च्या वर गेले की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, निदान २० मिनिटं थांबावं लागतं. "अर्ध्या तासाने येतो" असं सांगून उठायचं, आणि सांगितल्या वेळेला परत यायचं. त्या वेळात मनातल्या मनात भांडण उगाळायचं नाही. मला हेच सगळ्यात जड गेलं.

सायकायट्रिस्टला घाबरू नका. नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात बाहेर येतं. ते तपासतील, गोळी लागेलच असं नाही.

पाऊलवाट
सगळ्यांचं वाचलं, काहींचं तीनदा. टीएसएच उद्या देतोय. सायकॉलॉजिस्टची पहिली वेळ गुरुवारी रात्रीची मिळाली, एकट्याची.

घर सोडू नका असं सांगितलंत, पण मी महिनाभर भावाकडे राहायला चाललोय. बायकोला काल सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग बॅग भरायला मदत केली. रात्री तिने कडी लावली नव्हती.

शनिवारी मुलाला भेटायला जाईन, आधी फोन करून.