डॉलर चढला की तेलाचा डबा का महागतो?

ऐरोलीकर: काल वाशी मार्केटला तेलाचा डबा घ्यायला गेलो, दुकानदार म्हणतो डॉलर चढलाय म्हणून भाव वाढला. सरकारवर एवढं कर्ज आहे, मग आपलंही श्रीलंकेसारखं होणार का? खरंच टेन्शन आलंय.

नौपाडा_७१: दुकानदार खोटं बोलत नाहीये. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं, पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात, 2011 ला डॉलर 45 च्या आसपास होता, 2022 ला 80 च्या वर गेला, म्हणजे तिकडे भाव तेवढाच राहिला तरी इकडे डबा महागच. डिझेलचंही तेच, मग टेम्पोभाडं वाढतं आणि भाजीसुद्धा.

कोपरखैरणे_ताई: दादा, कर्ज किती यापेक्षा कुठल्या चलनात आहे ते बघा. श्रीलंकेचं बरंचसं डॉलरमध्ये होतं, देशाकडची डॉलरची गंगाजळी आटली आणि एप्रिल 2022 ला हप्ते थांबवले. आपल्या सरकारचं बहुतेक कर्ज रुपयात, इथल्याच बँका, एलआयसी, पीएफकडून घेतलेलं. पण व्याज आपल्याच टॅक्समधून जातं, शाळा-दवाखान्यांना तेवढं कमी उरतं, मला राग त्याचा येतो. 1991 ला डॉलर कमी पडले म्हणून आपणही 47 टन सोनं परदेशात गहाण टाकलंय, विसरू नका.

ऐरोलीकर: ताई, आता कळलं, थँक्यू. पोरीची परदेशातली फी डॉलरमध्येच आहे, तिचं काय करावं?